हातावरचं दही

माझी बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि त्याच वेळी पडवीत ती लिथुआनियन भाषेत कुणाशी तरी गप्पा मारत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली बादली सुटून पायावर पडली. पुढे सवय झाली. वैजयंताच्या अखंड बोलण्याची सवय मला लग्नापासून आहेच. आता नुसत्या भाषा वाढल्या.

पडवीत बोलत होती ती बुगडी. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण कानाच्या वरच्या पाळीला अडकवायची म्हणून आमच्या वाडीत तिला सगळे बुगडीच म्हणतात. परदेशी पाहुणा विमानतळावर उतरला की त्याला ही मिळते. तो ज्या घरी मुक्कामाला येईल त्या घरच्या माणसाचा आवाज ती उचलते. वैजयंता मराठीत बोलली की पाहुण्याला त्याच्या भाषेत ऐकू येतं, तेही वैजयंताच्याच आवाजात, तिच्याच हेलात. पाहुणा बोलला की ती आम्हाला मराठीत सांगते. कानातून काढून टेबलावर ठेवली तर मोठ्यानं बोलते. डबीत घालून झाकण लावलं तर झोपते. माणसांनाही असं झाकण असतं तर, असं मी एकदा बोलून गेलो होतो. त्या दिवशी मला आमटी अळणी मिळाली.

आमची भोरपवाडी पाटणच्या डोंगरात, फुलांच्या पठाराखाली आहे. मी एसटीत ड्रायव्हर होतो. घाटातल्या बस स्वतःच्या स्वतः चालायला लागल्या तसा मी मुदतीआधीच घरी बसलो, आणि वैजयंतानं घरातल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पाचवी खोली वर, डोंगराच्या कुशीत, आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी बांधली. तिथून सगळं खोरं दिसतं. परदेशी पाहुण्यांना नेमकी तीच हवी असते. त्यासाठी ते अर्ध्या तासाची चढण रोज चढतात-उतरतात आणि वर पैसेही देतात.

बुगडीची यातायात अर्थातच गप्पांसाठी केलेली नव्हती. आपत्ती केंद्रात निलोफर मुजावर नावाची कराडची एक इंजिनिअर मुलगी आहे, तिनं मला हे सगळं समजावून सांगितलं. डोंगर सुटण्याआधी, म्हणजे दरड कोसळण्याआधी, आतल्या आत कुरकुरत असतो, दिवसेंदिवस ताणला जात असतो. आता प्रत्येक वाडीला इंटरनेटची काचेची तार जमिनीखालून गेलेली आहे. त्या तारेत एका टोकाकडून प्रकाश सोडला की त्यातला कणभर प्रकाश वाटेतल्या ठिकठिकाणाहून मागे परततो. जमीन केसाच्या जाडीहून कमी जरी सरकली, तरी तिथं तार ताणते आणि परतणारा प्रकाश बदलतो. बदल कुठल्या ठिकाणी झाला तेही कळतं. तार घातली होती आम्ही सिनेमे बघावेत म्हणून. तिचा उपयोग डोंगराची नाडी बघायला व्हायला लागला.

"मग झालं की," मी म्हणालो होतो. "डोंगर कवा यायचा ते कळलं. भोंगा वाजवायचा, मानसं भाईर."

"तिथंच घोडं अडतंय, काका," निलोफर म्हणाली. "भोंगा वाजला म्हणून माणूस उठत नाही. तो आधी आजूबाजूला बघतो, शेजाऱ्याला विचारतो, घरच्यांना फोन लावतो. ओळखीच्या माणसानं चल म्हटलं की मग उठतो. त्यातच वेळ जातो. तुम्हाला इथं भाऊबंद आहेत. त्या परदेशी माणसाला ओळखीचं कोण आहे? सकाळी जिनं चहा दिला ती बाई."

"म्हंजी आमची ही."

"म्हणून तर काकूंचा आवाज पाहिजे."

आवाज घ्यायची तऱ्हा आणखी वेगळी. माईक समोर आला की वैजयंताचं आकाशवाणी केंद्र होतं. शाळेत असताना तिला भाषणात बक्षीस मिळालं होतं, ते अजून अंगात येतं. "नमस्कार. मी वैजयंता शेडगे बोलत आहे. आमच्या घरी आपले स्वागत आहे." घरात हाय-न्हायशिवाय जिचं पान हलत नाही ती माईकपुढं एकदम कृपया आणि धन्यवाद करायला लागते. निलोफरनं दोनतीनदा खटपट केली. शेवटी वैजयंतालाच विचारून तिनं यंत्र फडताळात मिरचीच्या बरणीमागे ठेवलं आणि आठवडाभर स्वयंपाकघरातलं बोलणं गोळा केलं. तेव्हा कुठं बुगडीत खरी वैजयंता उतरली. धोक्याच्या इशाऱ्याची वाक्यं मात्र केंद्रानं लिहिलेली, छापील. त्यात आवाज तेवढा तिचा.

आल्दोनाबाई आल्या त्या फुलांच्या हंगामात, महिनाभर राहायला. सत्तरीच्या होत्या, लिथुआनियात शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या देशात तीनशे मीटर उंचीचासुद्धा डोंगर नाही. हे ऐकून वैजयंताला त्यांची फार दया आली. "मग गुरं कुटं चारत्यात?" तिनं विचारलं. आल्दोनाबाईंनी वरची खोली घेतली, पण दिवसाचा निम्मा वेळ त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून असायच्या. दोघींचं काय बोलणं चालायचं! सुना, सांधेदुखी, कोबीत मीठ किती घालायचं. बुगडी दमून जात असेल.

आमच्या घरातून निघणाऱ्या पाहुण्याच्या हातावर वैजयंता दही-साखर घालते. माणूस सुखरूप पोचावा, इतकंच त्यामागे. पाहुणा कोरियाचा असो की केनियाचा, तळहात पुढं करायचा, दही चाटायचं, मग चपला घालायच्या. हे न करता आमच्या उंबऱ्याबाहेर मुक्कामाचा पाहुणा पडलेला मी पाहिलेला नाही. आल्दोनाबाईंना ही रीत इतकी आवडली की दुसरं कुणी निघालं की त्या मुद्दाम बघायला उभ्या राहायच्या.

त्या येऊन आठवडा झाला असेल नसेल, तोच केंद्रानं न सांगता रंगीत तालीम घेतली. आल्दोनाबाई वरून धापा टाकत, भिजत शाळेत येऊन पोचल्या. शाळा वाडीच्या पलीकडच्या सोंडेवर आहे, तिथं जमीन खडकाची. तालीम छान झाली असं निलोफर म्हणाली. वैजयंतानं बुगडी टेबलावर ठेवून इशारा मराठीत ऐकला, आणि तिचा चेहरा उतरला. "ताबडतोब घराबाहेर पडा. सामान घेऊ नका. थांबू नका."

"माज्या तोंडून?" ती मला म्हणाली. "पाव्हनीला घराभाईर पडा? मोकळ्या हातानं? हे असलं मी बोलंन का अवो?"

निलोफर कराडला गेल्यावर वैजयंतानं चहा आणि शिरा केला, आल्दोनाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगा. ती मी न्हवं, ती मशीन. मी कवा तुमास्नी जावा म्हनंन का? ज्या दिवशी खरंच जायाचं आसंल त्या दिवशी हातावर दही घालंन. तवर कुनी कायबी सांगू दे, तुमी हलायचं न्हाय."

आणि हे सगळं त्या बुगडीनंच इमानेइतबारे लिथुआनियनमध्ये सांगितलं, वैजयंताच्याच आवाजात. आल्दोनाबाई हसल्या, त्यांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. मीही हसलो आणि शिरा मागून घेतला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पावसानं पठार धरलं. नुसता झडीचा पाऊस, वारा नाही की गडगडाट नाही. निलोफर सकाळीच वाडीत आली. तार कुरकुरतेय, एवढंच म्हणाली. दुपारी जेवणं उरकत होती तेव्हा सगळ्या बुगड्या एकदम बोलल्या. आदल्या दिवशी आलेलं कोरियाचं तरुण जोडपं ताटावरून उठून पळालंसुद्धा. त्यांना अजून शिरा मिळालेला नव्हता ना. आम्हीही उठलो. वाटेत मला दिसलं की वैजयंतानं घरातून एकच वस्तू उचलली होती, दह्याचं गाडगं.

"डागदागिनं न्हाय, कागदं न्हाय, आन् गाडगं?"

"पाव्हनं जायाचं म्हनलं तर हातावर काय घालू, तुमची दाढी?" ती म्हणाली.

शाळेत माणसं मोजली गेली. आल्दोनाबाई नव्हत्या. पाऊस म्हणून त्यांनी सकाळीच जेवणाचा डबा वर नेला होता. निलोफर पडद्याकडं बघत होती. "काकू, इशारा तीनदा गेला. त्यांनी ऐकलाय. आणि मग बुगडी डबीत ठेवलीय. आता माझा आवाज, तुमचा आवाज, काहीच त्यांच्यापर्यंत जात नाही. का काढली असेल हो?"

वैजयंता शाळेच्या पायरीवर बसली. "मीच सांगितलं हुतं," ती म्हणाली, आणि तिनं ते शिऱ्याचं सगळं सांगितलं. निलोफर चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसता ड्रोन वर पाठवला. पडद्यावर आम्हाला खिडकी दिसली, खिडकीत आल्दोनाबाई. ड्रोननं दिवा लावला, भोंगा वाजवला. बाईंनी त्याच्याकडं बघून हसून हात हलवला आणि पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावून घेतली. बचावाची गाडी ओढ्याच्या पलीकडं अडकली होती. पाणी पुलावरून चाललं होतं.

वैजयंतानं दप्तराच्या कपाटातून एक छोटा स्टीलचा डबा शोधला. त्यात दही घातलं, साखर घातली, झाकण लावलं. "मी जाते."

तिचे गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांना रडतात. मी डबा धरला. तिनं लगेच सोडला नाही. आम्ही दोघं त्या डब्याला धरून उभे राहिलो, आणि ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हात काढून घेतला.

"काका, नियमानं मी तुम्हाला जाऊ देऊ शकत नाही," निलोफर म्हणाली.

"मग तिकडं बघ जरा."

तिनं तिकडं बघितलं नाही. पुढं होऊन माझ्या कानाला एक बुगडी अडकवली. "निदान ही काढू नका."

वाट माझ्या पायाखालची होती, पण त्या दिवशी ती ओळख देईना. जिथं कधी पाणी नव्हतं तिथून गढूळ पाणी पाझरत होतं. आमचा जुना फणस थोडा कलला होता. मला भीती वाटत होती. घाटात ब्रेक लागत नाही असं वाटायचं तेव्हा वाटायची तशी. निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात कानात वैजयंता बोलली.

"कृपया परत फिरा. डोंगर सुटत आहे. वर जाऊ नका. कृपया खाली या. मी आपली वाट पाहत आहे."

त्या परिस्थितीतही मला हसू आलं. कृपया! आपली! उभ्या संसारात ती माझ्याशी इतकं गोड बोललेली नाही. माझी बायको असती तर अवो आलं असतं, डोकं ठिकाणावर हाय का आलं असतं, माझ्या आईचाही उद्धार झाला असता. केंद्राच्या इंजिनिअरांनी निदान नवऱ्यांसाठी तरी वेगळी वाक्यं लिहायला हवी होती. आवाज पुन्हा एकदा तेच म्हणाला. शेवटी काहीतरी अडखळल्यासारखं झालं, पण पाऊस होता, बुगडीत पाणी गेलं असेल. मी चढत राहिलो.

आल्दोनाबाई दिव्याखाली गाण्याचे कागद मांडून बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, त्यांनी चहाचं भांडं दाखवलं. त्यांची बुगडी डबीत, मला त्यांची भाषा येत नाही. मी झाकण काढलं, त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळहातावर दही घातलं.

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दह्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग त्यांनी दही चाटलं. खरंच चाटलं, इतक्या घाईतसुद्धा. चपला घातल्या. कागद, चष्मा, पाकीट, कशालाही हात न लावता त्या दारातून बाहेर पडल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

आम्ही कललेल्या फणसाच्या खाली उतरलो होतो, सोंडेचा खडक पायाला लागला होता, तेव्हा मागे आवाज झाला. मोठ्ठा नव्हता. पोत्यातून शेंगा ओताव्यात तसा, पण थांबेचना. वळून बघितलं तर फणस नव्हता, आणि वर जिथं खोली होती तिथं ओला लाल उतार होता. आल्दोनाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं आठवडाभर तिथं निळं होतं.

शाळेत वैजयंतानं आल्दोनाबाईंना मिठी मारली. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. माझ्या हातातला डबा तिनं घेतला आणि नळाखाली कितीतरी वेळ घासत बसली.

दरड ओढ्यात गेली, वाडीतली घरं वाचली. पुढचे दिवस शांत गेले. निलोफर दोनदा येऊन गेली. तिनं वैजयंताला काही दोष दिला नाही, उलट समोर बसून विचारलं, "काकू, तुम्ही पाहुण्याला बाहेर कसं काढाल?" वैजयंता म्हणाली, "काडनार न्हाय. बोलवीन." निलोफरनं इशाऱ्याची वाक्यं बदलली. आता बुगडी घराबाहेर पडा म्हणत नाही. ती म्हणते, शाळेत या, मी इथंच हाय, दही काढून ठेवलंय. हेलासकट. दुसऱ्या वाड्यांत जिथं जी रीत आहे ती विचारून तिथली वाक्यं लिहायचं काम सुरू आहे. आमच्या शाळेला केंद्रानं एक फ्रीज दिला आणि त्यात दही असलंच पाहिजे असा लेखी आदेश काढला. सरकारी दही आंबट असतं, पण ते असू दे.

पण वैजयंता बोलेनाशी झाली होती. पाहुण्यांशी कामापुरतं, माझ्याशी तेवढंही नाही. घरात भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. झाकणाचा विनोद मला आठवायचा आणि वाईट वाटायचं. घाबरली असेल, होईल बरी, असं मी स्वतःला सांगत होतो.

आल्दोनाबाई निघाल्या त्या दिवशी ऊन पडलं होतं. बस थांब्याला उभी होती, ड्रायव्हरची जागा रिकामी. आल्दोनाबाईंनी तळहात पुढं केला. वैजयंतानं त्यावर दही घातलं, साखर घातली, पण मान वर केली नाही. आल्दोनाबाई बरंच काही बोलल्या. केंद्रानं दिलेल्या नव्या बुगडीतून आम्हाला ऐकू आलं: तू माणूस पाठवलास, मी हे विसरणार नाही. वैजयंतानं वाटीकडं बघतच मान हलवली. बस वळणावरून गेली.

आम्ही घराकडं निघालो. तिला हसवावं म्हणून मी म्हणालो, "तुला सांगायचंच ऱ्हायलं. त्या दिवशी वर जाताना तुजी मशीन मला काय बोलली म्हाईत हाय? कृपया परत फिरा. मी आपली वाट पाहत आहे! मी म्हनलं, हिच्या तोंडात आपली? मशीनच ही. आन् गेलो वर."

वैजयंता थांबली.

"ती मशीन न्हवती," ती म्हणाली.

"मग कोन?"

"पडद्यावर तार लाल झाली म्हनून निलोफर बोलली. मशीनचं काका ऐकायचं न्हाईत, तुमीच बोला म्हनली. माईक दिला हातात. आन् माईक दिला की माज्या तोंडातनं तसंच येतंय, अवो. मी लई बोलवलं तुमास्नी. दोनदा बोलवलं."

बस गेली त्या वळणाकडं तिनं हात केला. "पाव्हनी वर हुती. मीच तिला हलू नगंस म्हनून सांगितल्याली. आन् मी तुमास्नी परत फिरा म्हनले. ती म्हनती, तू मानूस पाठवलास. कुटनं बघू तिच्या तोंडाकडं?"

मी वळलो असतो तर त्या बाई गेल्या असत्या, हे खरं. तो आवाज तिचाच आहे हे कळलं असतं तर मी वळलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे की त्या क्षणी, भर रस्त्यात, मला माझ्या बायकोची फार माया आली. वाटीत थोडं दही उरलं होतं. मी तळहात पुढं केला.

"कुटं निघाला?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"कुटं न्हाय. त्या दिवशी निघालो तवा पाव्हनीचं दही दिलंस डब्यात. माज्या हातावर न्हाय घातलंस. ते दे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं चमच्यानं सगळी वाटी खरवडून माझ्या हातावर घातली, आणि उरलेली साखरही वर ओतली.

"अवो, नीट धरा की," ती म्हणाली. "समदी साखर खाली सांडतीया. डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"